मीठपरी आणि न जेवणारा मासा

सुरंगीचं गाठोडं काखेत मावेल एवढं होतं. आत एक फ्रॉक, एक फणी आणि आईची जांभळी साडी. आई देवाघरी गेली होती आणि बाबा दूरच्या जहाजावर कामाला गेले होते. म्हणून आत्यानं तिला आपल्याकडे आणलं. आत्या समुद्रकाठच्या एका बंगल्यात स्वयंपाक करायची आणि तिथल्याच बागेतल्या खोलीत राहायची.

सुरंगी आली तेव्हा तिला बघायला सगळे गोळा झाले. माळी आला, धुणंवाली आली, शेजारच्या बायका आल्या. कुणी गाल ओढला, कुणी नाव विचारलं, कुणी तर तोंडात लाडूच कोंबला. माणसं चांगली होती हो, पण सुरंगीच्या घशाखाली घास उतरेना.

"खा गो बाय माझी! एकच घास!" आत्या दिवसभर मागे लागायची. सुरंगी दोन घास चिवडायची आणि बागेत जाऊन बसायची. एवढ्या माणसांत ती अगदी एकटी होती.

बंगल्याचे मालक होते नानासाहेब. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी होती, लाल, केशरी, चंदेरी मासोळ्यांनी भरलेली. एकदा त्यांनी एक नवा मासा विकत आणला. इवलासा, निळानिळा, पिवळ्याधमक शेपटीचा. पण त्याला त्यांनी मोठ्या टाकीत सोडलं नाही. बागेतल्या काचेच्या खोलीत एक छोटी टाकी होती. तिच्यातल्या पाण्यावर माशाची पिशवी तरंगत ठेवली, मग पिशवीत टाकीतलं पाणी थेंब थेंब घातलं आणि शेवटी माशाला हळूच तिथे सोडलं.

"ह्याला एकट्यालाच का ठेवलंय?" सुरंगीनं विचारलं.

"नवा मासा आधी वेगळा ठेवायचा असतो, बाळ. त्याला काही आजार असला तर बाकीच्यांना लागेल. ठणठणीत आहे असं दिसलं की नेऊ आत." नानासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण हा काही खातच नाही. असाच राहिला तर जगायचा नाही गं. लक्ष ठेवशील?"

टाकीत ना वाळू होती, ना दगड. मासा काचेला धडकत इकडून तिकडे पळत होता आणि सुक्या जवळ्याचा चुरा पाण्यावर तसाच तरंगत होता. सुरंगीनं त्याचं नाव ठेवलं निळू. निळूकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले.

टाकीजवळ एक बादली होती. तिच्या काठावर खारं पाणी सुकून मिठाचा पांढरा थर बसला होता. त्यावर उन्हाची तिरीप पडली, थर लुकलुकला, चमचमला, आणि त्यातून उभी राहिली एक इवलीशी परी! झगा मिठाच्या कणांचा, पंखांवर इंद्रधनुष्याचे सगळे रंग.

"मी मीठपरी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "दुसऱ्यासाठी कुणाचे डोळे भरले की मला यावंच लागतं. हे घे दोन खडे. एका खड्याला एक इच्छा. पण नियम ऐक हं. आपल्या हातांनी होण्यासारखं काही मागायचं नाही. आणि खडा ओला होऊ द्यायचा नाही, रडून तर मुळीच नाही."

एकट्या जिवाला काय हवं? सोबत! सुरंगीनं क्षणभरही विचार केला नाही. "निळूला सोबती दे!"

टाकीत एक केशरी मासोळी अवतरली. मोठी उत्साही बाई! शेपटी हलवत ती थेट निळूच्या तोंडाशी गेली. निळू कोपऱ्यात जाऊन थरथरू लागला. ती जवळ गेली की तो पळे, तो पळाला की ती मागे जाई.

"परत घे, परत घे गं तिला!" सुरंगी ओरडली. परीनं टिचकी वाजवली आणि मासोळी गेली. खडा मात्र गेला तो गेलाच.

'आता निळूनं खावं असं मागू का?' सुरंगीनं दुसरा खडा उचलला आणि ती थबकली. निळूचं ते थरथरणं तिच्या ओळखीचं होतं. लाडू तोंडात कोंबला तेव्हा तीही अशीच थरथरली होती. तेव्हा तिला काय हवं होतं? लपायला एक कोपरा. आणि जवळ बसणारं, पण टक लावून न बघणारं कुणीतरी.

"हे तर माझ्या हातांनी होईल," ती म्हणाली. परी नुसती हसली.

सुरंगीनं खडा खिशात जपून ठेवला. माळीकाकांकडून नळाच्या पाइपाचा एक नवा तुकडा मागून आणला, स्वच्छ धुतला आणि अलगद टाकीच्या तळाशी ठेवला. टाकीवरचा दिवा बंद केला. आईची जांभळी साडी टाकीभोवती गुंडाळली, आत मऊमऊ अंधार झाला. मग ती टाकीकडे पाठ करून बसून राहिली. नाक खाजलं तरी हलली नाही, हे मला परीनंच सांगितलं.

रोज ती अशीच येऊन बसायची. एका सकाळी मागून आवाज आला. टुप! तिनं हळूच मान वळवून साडीच्या फटीतून पाहिलं. निळूनं नळाच्या घरातून वर येऊन जवळ्याचा एक कण मटकावला होता. मग दुसरा. मग सगळाच चुरा फस्त!

काही आठवड्यांनी नानासाहेबांनी ठणठणीत निळूला मोठ्या टाकीत सोडलं. तो केशरी, चंदेरी मासोळ्यांत ऐटीत फिरू लागला. सुरंगीला खूप खूप आनंद झाला. मग ती काचेच्या खोलीत आली, रिकाम्या टाकीपाशी बसली आणि साडीची घडी घालू लागली. आता तिची वाट बघणारं तिथे कुणी नव्हतं. तिनं खिशातला खडा हातात घेतला. काही मागायच्या आतच डोळ्यांतलं पाणी टपकन खड्यावर पडलं आणि खडा विरघळून गेला.

"गेली! माझी इच्छा गेली!"

"रडताना मनात काय होतं गं?" समोर मीठपरी उभी होती.

सुरंगी पुटपुटली, "कुणीतरी माझ्याजवळही तसंच बसावं, असं वाटलं. काही न विचारता."

"अगं वेडे, मीठ विरघळलं म्हणून नाहीसं होतं का?" परी म्हणाली. मावळतीचं ऊन काचेतून आत आलं, खोलीभर सोनेरी झगमगाट झाला आणि त्यातच परी दिसेनाशी झाली.

दार किरकिरलं. आत्या आली. एका हातात वालाच्या शेंगांची टोपली, दुसऱ्या हातात पेजेची वाटी. "खा गो" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि, काय झालं कुणास ठाऊक, तसंच मिटलं. वाटी सुरंगीजवळ ठेवून ती तिच्याकडे पाठ करून बसली आणि शेंगा सोलू लागली. खोलीत फक्त शेंगांचा आवाज होता. हळूहळू सुरंगीची पाठ आत्याच्या पाठीला टेकली.

थोड्या वेळानं मागून पेज भुरकल्याचा आवाज आला. आत्यानं वळून पाहिलं नाही. ती शेंगा सोलत राहिली, आणि सोलून झाल्या तरी उठली नाही.