पहिल्या वल्ह्याची अट

"नवं लग्न झालंय त्याचं. बायकोला सोडून कुठे जातोय? शर्यतीच्या सकाळपर्यंत लोंबकळत ठेवा, मग मिळेल ते मुकाट घेईल."

फार पूर्वी चंपानगरीत राजा दृढवर्मा राज्य करीत असताना, गंगेच्या घाटावर सोमिल नावाचा श्रेष्ठी आपल्या कारभाऱ्याला हे सांगत होता. उलट्या घातलेल्या नावेच्या पलीकडे प्रियंगू आंबिलीचे मडके घेऊन उभी आहे, हे दोघांनाही दिसले नाही. बोलणे चालले होते ते तिच्या नवऱ्याविषयी. त्याचे नाव सुबाहू. तोच त्या जन्मीचा बोधिसत्त्व.

सोमिलच्या शर्यतीच्या नावेवर तो पहिले वल्हे मारी. त्याच्या तालावर मागचे तीस जण चालत, आणि तीन वर्षे ती नाव कोणाकडून हरली नव्हती. गेल्या वर्षी मात्र शर्यतीतच पूर्णक नावाच्या वल्हेकऱ्याचा खांदा निखळला, आणि दुसऱ्याच दिवशी सोमिलने त्याला काढून टाकले. म्हणून यंदा नवा करार करताना सुबाहूने एकच अट घातली होती. नावेवर जो जायबंदी होईल, त्याला बरा होईपर्यंत नावेच्या मालकाने पोसावे. वैशालीच्या नावेचेही त्याला बोलावणे होते. त्यांचा निरोप्या घाटावर मुक्काम ठोकून बसला होता.

प्रियंगूने घरी येऊन ऐकलेले सांगितले. सुबाहू हसला.

"अंदाज चुकलेला नाही त्यांचा. पाच दिवसांच्या वाटेवर, परक्या गावात तुला कशी नेऊ?"

मला विचारलं कुणी, असे तिच्या मनात आले. सकाळी पाण्याला गेली तेव्हा वैशालीच्या निरोप्याला तिने दोन प्रश्न तेवढे विचारले.

तिसऱ्या दिवशी सोमिल स्वतः कारभाऱ्याला घेऊन अंगणात आला.

"सुबाहू, घाटावरचं माडीचं घर तुझं. पूर्णकाचं तेवढं सोड. तुझा खांदा तर शाबूत आहे ना?"

"आज आहे," सुबाहू म्हणाला. "घर नको, श्रेष्ठी. अट हवी, आणि ती सगळ्यांसाठी."

"ताणू नकोस बाबा. सूनबाईचा तरी विचार कर. तिचं माहेर इथे, सासर इथे."

प्रियंगू दारात उभी होती. लग्न झाल्यापासून तिचा आवाज अंगणापर्यंत कोणी ऐकला नव्हता.

"माझा विचार मी केलाय, श्रेष्ठी. वैशालीवाल्यांना यांची अट मान्य आहे. पूर्णकभावजींनाही ते सुकाणूवर घेताहेत. भांडी बांधून झालीत. पाटा जड आहे, तो तुम्हीच ठेवून घ्या."

सोमिलने कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने जमिनीकडे. त्याच अंगणात, चार शेजाऱ्यांदेखत, अट मान्य झाली.

एवढे सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे देवदत्त. पूर्णक म्हणजे आनंद. सुबाहू मी होतो. आपल्यापुरतं मिळत असतानाही सर्वांसाठी धरलेल्या शब्दावरून न ढळणं, याला अधिष्ठान म्हणतात."

"आणि प्रियंगू?" एका भिक्षूने विचारले.

"राहुलमाता," तथागत म्हणाले. "तिचं अधिष्ठान माझ्याहून दोन दिवस पुढे होतं. भांडी बांधलीत हे मलाही त्या अंगणातच कळलं."