अर्ध्यावर थांबलेला झेंडा

झेंडा पळवणाऱ्या रोबोंची स्पर्धा होती. प्रतिस्पर्ध्यांचा झेंडा आणायचा आणि आपल्या खांबावर टोकापर्यंत चढवायचा, की जिंकलं. गार्गीच्या संघाचा रोबो तिच्या मित्राने, विहंगने, आखला होता. तो बांधताना कॉलेजच्या कार्यशाळेतल्या उघड्या वायरचा झटका बसून विहंग गेला. प्राचार्य मोहोळकरांनी "पोराचाच हलगर्जीपणा" म्हणत शोकसभासुद्धा होऊ दिली नाही.

अंतिम फेरीत रोबोने झेंडा आणला, खांबाच्या मध्यापर्यंत चढवला आणि तो तिथेच थांबला. वेळ संपली. संघ हरला.

मोहोळकर माइकवरून कडाडले, "एवढासा झेंडा वर नेता येत नाही? कसला बिघाड झाला?"

गार्गी पुढे आली.

"बिघाड नाही, सर. आम्हीच त्याला तिथे थांबवलं. माणूस गेला की झेंडा अर्ध्यावर आणतात. विहंग गेला हे कॉलेजला कळलं नाही. त्याच्या यंत्राला कळलं."

मग पाहुणे परीक्षक उभे राहिले, त्यांच्यामागोमाग सगळे प्रेक्षक. शेवटी मोहोळकरांनाही उठावं लागलं, मान खाली घालून.