नारबाच्या अॅपचं बारसं

एका गावात एक भोळा अॅपवाला होता. त्याचं नाव नारबा. गावात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. बायका हातातलं काम टाकून नळापाशी बसून राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या शकूताईंना हे बघवेना. त्यांनी ग्रंथालयात नारबासकट चार हौशी मंडळी जमवली आणि एक अॅप करायला घेतलं. पाणी सुटलं की ते घरोघरच्या फोनवर आधी स्वतःचं नाव सांगणार, मग "पाणी आलं!" असं ओरडणार. कुणाला पगार नाही, सगळं हौसेचं. दोन वर्षं खपून अॅप तयार झालं. सरपंचांनी बटण दाबायचं तेवढं बाकी. आणि हो, नाव ठेवायचं राहिलं होतं. ते काम ताईंनी नारबाला दिलं. तिथेच चुकलं.

नारबानं विचार केला. अॅप बोंब मारतं. त्यानं नाव ठेवलं 'बोंबल्या'. दुपारी बोंबले आडनावाची सात घरं काठ्या घेऊन ग्रंथालयात आली.

"अरे, नाव ठेवायच्या आधी घरोघरी विचारावं," ताई म्हणाल्या.

"विचारतो," नारबा म्हणाला.

त्याला 'गंगा' सुचलं. पहिलंच घर हैबती पैलवानाचं. पैलवान ओसरीवर बदाम सोलत होता. आत त्याची बायको गंगा भाकऱ्या थापत होती.

"पैलवान, गंगा ठेवू म्हणतोय. तुमची काही हरकत?"

पुढचे चार दिवस नारबा पालथा झोपला. ताई त्याला बघायला आल्या.

"अरे बाबा, माणसाचं नाव नको. कुणाला झोंबेल असं काहीच नको."

"झोंबणार नाही असं ठेवतो," नारबा म्हणाला. तेव्हा आई त्याच्या पाठीला तेल लावत होती. अजिबात झोंबत नव्हतं. त्यानं नाव ठेवलं 'खोबरेल'. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाबाहेर बाटल्या घेऊन रांग लागली.

ताईंनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच नाव ठेवलं, 'ओंजळ'. गाव खूश झालं. सरपंच तर इतके खूश झाले की म्हणाले, "रविवारी माझ्या नातीचं बारसं आहे. तिचंही नाव ओंजळच. जे तिचं नाव, तेच अॅपचं. पाळण्याशेजारी उभा राहून बटण दाबतो."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी नारबाला एवढंच बजावलं, "रविवारी कुणी नावं ठेवता कामा नये, बरं का."

"कुणालाच ठेवू देणार नाही," नारबा म्हणाला.

रविवारी तो पाळण्याला खेटून उभा राहिला. बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला टपलेल्या. आत्या वाकली आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कुर्रर्र..."

नारबानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "आत्याबाई, इथे नाव ठेवायचं नाही. ताईंनी बजावलंय."

आत्या त्याच्या हाताला कडकडून चावली. हात सुटला. "मेल्या!" ती ओरडली. तोंड अजून बाळाच्या कानाशीच होतं.

आता कुर्रर्रनंतर कानात पडेल ते नाव. बायकांनी दणादण धपाटे घातले, पाळणा म्हटला, घुगऱ्यासुद्धा वाटल्या. सरपंच लालबुंद झाले. नारबा कौतुकानं पाळण्यात बघत होता.

ताईंनी हात जोडले. "साहेब, पोरीच्या नावाचं मागाहून बघू. बटण तेवढं दाबा. बायका दोन वर्षं वाट बघतायत हो."

सरपंच दात खात पुढे आले.

"जरा थांबा," नारबा म्हणाला. त्यानं फोनवर काहीतरी खुडबुड केली. सरपंचांचा शब्द त्याच्या पक्का लक्षात होता. जे तिचं नाव, तेच अॅपचं.

सरपंचांनी बटण दाबलं. टाकीवरच्या माणसाला खूण केली. त्यानं पाणी सोडलं. आणि गावातले सगळे फोन, सरपंचांच्या खिशातलासुद्धा, एका सुरात ओरडले:

"मेल्या! पाणी आलं!"