हवा लागलेला चिखल

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत माझं. चौथीत शाळा सुटली, मला धड सांगता येत नाही. त्यात गोष्ट माझ्याच लाजेची. एकदाच सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

"नळ्यांची टोपणं कोणी उघडली?"

केदार माझ्याच होडीवर उभा राहून ओरडत होता. शिरगावकर मॅडमच्या हाताखालचा माणूस. मॅडम समुद्राच्या तळाचा चिखल तपासायच्या. केस पिकलेले, पण कोपरापर्यंत हात घालायच्या त्यात. तीन दिवस आम्ही खाडीच्या तोंडाशी त्यांना चिखल काढून दिला, लांब, आरपार दिसणाऱ्या नळ्यांत भरून.

टोपणं मीच उघडली होती.

केदारने नळ्या ठेवल्या होडीच्या नाकाशी. तिथे आम्ही पुनवेला नारळ ठेवतो, पायताण घालून जात नाही. आणि नळ्यांच्या बुडातून काळं पाणी गळतंय, सडक्या अंड्याचा वास. मी नळ्या आडव्या केल्या, खालची टोपणं काढली, गोडं पाणी मारलं. वास जाऊ दे म्हणून तासभर तशाच ठेवल्या. मग लावली टोपणं.

मला वाटलेलं, शाबासकी मिळेल.

"तीन दिवसांचं काम मेलं!" केदार माझ्यावर आला. "तुमच्यासारख्या अडाण्यांची होडी घेतली हीच चूक. कोणी केलं, बोला!"

मी भिवाकडे बघितलं.

मी होडीचा तांडेल, भिवा माझा खलाशी. वीस वर्षं एका होडीवर.

"तू?" केदार भिवावर उलटला. "चल, उतर खाली. उद्यापासून येऊ नकोस."

भिवाने एकदा माझ्याकडे बघितलं. डबा उचलला, उतरला आणि धक्क्यावर जाऊन बसला. आमच्याकडे पाठ करून.

केदार गेला. मॅडम माझ्याशेजारी फळीवर टेकल्या.

"मॅडम, चिखल धुतला तर त्यात मरतं काय?"

"जीव. डोळ्यांना न दिसणारे. मेलेला मासा, कुजका पाला, जे तळाला बसतं ते खाऊन संपवतात. वरच्या थरातल्यांना हवा लागते. खालच्यांना हवा लागली की मेले."

मी हात मांडीला पुसले.

"तुम्हीच धुतल्यात ना, तांडेल?"

"कोण म्हणतं?"

"हाताला वास येतोय तुमच्या."

मान वर होईना माझी.

"माफ करा मॅडम."

"माझी कशाला मागता? तो बघा, धक्क्यावर बसलाय."

बघायची हिंमत नव्हती.

"जातो. पण आधी केदारला माझी माफी मागू दे. चारचौघांत अडाणी म्हणाला मला. माझ्या होडीवर!"

मॅडमनी एक नळी उचलली, माझ्या मांडीवर उभी धरली. वरच्या थरावर बोट ठेवलं.

"हे इथले चांगलंचुंगलं खातात. त्यांना जे नको ते खाली जातं."

बोट हळूहळू खाली आलं. पार काळ्या थरावर.

"यांच्या वाट्याला काय येतं?"

"वरच्यांनी टाकलेलं."

"मग हे काय करतात? रुसून बसतात?"

"... खातात."

त्यांनी नळी काढून घेतली.

"मग उतरा, तांडेल. केदारने न मागितलेली माफी खाऊन टाका."