सगळ्यांना सारखं वायफाय

मला सांगा, वायफायचा डबा लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप लावणारा माणूस तुम्ही कधी पाहिलात का? कुरणवाडीच्या दूध संघात असा एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव पिराजी. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. भीती तीच होती.

मॅनेजर शिंगटेसाहेब म्हणाले होते, "पिराजी, डबा महागाचा आहे, जपून ठेव." त्यानं जपून ठेवला. कपाटाजवळ बसणाऱ्या साहेबांना मोबाइलवर जेमतेम एक रेघ मिळे. कोपऱ्यात हिशेब बघणाऱ्या सुलभाताईंना तीही नाही.

"अरे गाढवा!" साहेब ओरडले. "चांगली वस्तू कोंडून ठेवतात का? मोकळ्यावर, मधोमध ठेव. म्हणजे सगळ्यांना सारखी मिळते. शनिवारी अध्यक्ष तात्यासाहेब बघायला येणार आहेत. ते खूश झाले तर तुला कायम करतो."

कायम होणार म्हटल्यावर पिराजीला झोप येईना. डबा मधल्या टेबलावर आला. कोपऱ्यातही रेघा आल्या. पिराजीला वाटलं, आता आपल्याला सगळं कळलं.

शनिवारी साहेबांनी अध्यक्षांसाठी पेढे आणले. "हे ठेव रे."

पिराजीनं ठेवले. मोकळ्यावर, मधोमध, झाकण काढून. दूध घालायला आलेले, टँकरचा ड्रायव्हर, टपरीवरची पोरं, सगळे खाऊन गेले.

"साहेब, सगळ्यांना सारखे मिळाले!"

"तुझं डोकं मिळालं सारखं!" साहेबांनी कपाळावर हात मारला. "तीच फुकटी पोरं आपलं वायफायही ओढतात, म्हणून सुलभाताईंना रेघा असूनही काही उघडत नाही. आता मी पासवर्ड लावलाय. जो तो सांगेल त्यालाच आत घ्यायचं. तीनदा चुकला की बंद."

"माणूस मोठा असला तरी?"

"कितीही मोठा असू दे! जा, गेटवर उभा राहा."

पिराजी गेटवर गेला. साहेब आत मोबाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत फिरले. सगळीकडे वायफाय सुसाट. ते खूश झाले.

तेवढ्यात गेटसमोर मोटार थांबली.

"पासवर्ड सांगा," पिराजी म्हणाला.

"अरे, मी तात्यासाहेब!"

"चुकलं. परत सांगा."

"शुद्धीवर आहेस का? मी संघाचा अध्यक्ष आहे!"

"हेही चुकलं. आता एकदाच राहिलं हं, विचार करून सांगा."

"शिंगटेला बोलाव, मूर्खा!"

"तीनदा चुकलं. बंद." पिराजीनं गेटला कडी घातली.

मोटार धुरळा उडवत निघून गेली. आवाज ऐकून साहेब धावत आले.

"कोण होतं रे?"

"तात्यासाहेब. पासवर्ड काही आला नाही त्यांना."

"अरे, तू ओळखतोस ना त्यांना?"

"ओळखतो की! म्हणून तर इतकं गोडीनं विचारलं. टपरीवरचं पोरगं असतं तर काठीच घातली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर नवा शिपाई उभा होता, आणि शिंगटेसाहेबांच्या खुर्चीत नवे साहेब बसले होते.