निवेदनाखालची सही

मंत्री प्रल्हादराव खैरे धरणग्रस्तांच्या मांडवात आले ते कपाळाला आठ्या घालूनच. धरणग्रस्त बायकांच्या वतीने कौतिकबाईंनी निवेदन पुढे केलं. साहेबांनी न बघताच ते सहायकाकडे सरकवलं आणि त्याने पहिली मागणी मोठ्याने वाचली, "बुडालेल्या शेताच्या बदल्यात कालव्यालगतचंच शेत द्या."

साहेब जमलेल्या लोकांकडे बघून हसले. "असली अडाणी मागणी लिहिणारा कोण तो? माझ्यासमोर उभा करा त्याला, मग बोलू."

"उभाच आहे, साहेब," कौतिकबाई म्हणाल्या. "खालची सही बघा."

सहायकाने सही पाहिली आणि कागद साहेबांपुढे धरला. अक्षर खैऱ्यांचं होतं, वीस वर्षांपूर्वीचं. सहीही त्यांचीच, धरणग्रस्त संघटनेचे सचिव म्हणून. शेजारी कचेरीचा पोचशिक्का होता. बायकांनी जपलेल्या प्रतीवर फक्त तारीख नवी घातली होती.

खैऱ्यांचे कान तापले. "तेव्हा कुणी उत्तरच दिलं नाही," ते पुटपुटले.

"ते उत्तर आणायलाच तर तुम्ही पक्षात गेला होतात, प्रल्हादभाऊ."

मांडवात कुणीही हसलं नाही. लोक हसले असते तर बरं झालं असतं, असं खैऱ्यांना वाटलं.