रडकं भोक

"मग पाणी जातंय कुठं?"

सर्जेराव नलवडेनं तिसऱ्यांदा विचारलं. वैजयंतानं इंजिनातनं मान वर काढली नाही.

"आभाळात जातंय का? खाली थेंब नाही, नळीला ओल नाही. आणि रत्नागिरीहून घाटाच्या पायथ्यापर्यंत यायला मला दोन कॅन पाणी ओतावं लागतं!"

त्याची ती जुनी सहाचाकी. जांभ्या चिऱ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. आंबा घाटाच्या पायथ्याला दस्तगीर उस्तादांचं गॅरेज होतं, त्याच्या दारात ती वाफा टाकत उभी होती.

पहिल्या खेपेला वैजयंतानं रेडिएटरची रबरी नळी बदलली. दुसऱ्या खेपेला रेडिएटर उतरवून डाख लावला. याच तक्रारीची ही तिसरी खेप.

"उस्ताद, तोंडावर बोलतो," सर्जेराव म्हणाला. "आज हिचा हात माझ्या इंजिनाला नको. नाहीतर गाडी टोचन करून, ओढत मलकापूरला नेतो. आणि चिऱ्याच्या झाडून सगळ्या गाड्यांना सांगतो, की त्या गॅरेजात बाई मिस्तरी आहे, तिकडं फिरकू नका."

उस्ताद खाटेवर बसून चहा बशीत ओतत होते. दिवाळीत मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना बारीक दिसत नव्हतं.

"दुपारपर्यंत थांब," ते म्हणाले.

"आणि दुपारी?"

उत्तर वैजयंतानं दिलं. हातातला पाना तिनं बॉनेटवर आपटला.

"दुपारपर्यंत गळती सापडली नाही, तर हा पाना उस्तादांच्या पुढ्यात ठेवीन आणि घरी जाऊन भाकरी थापीन. झालं?"

"लिहून देता का बाई?"

"मला लिहिता येत नाही. बोलता येतं."

सहा वर्षं झाली होती तिला. सासर सोडून आली तेव्हा भावानं दार उघडलं नाही, उस्तादांनी गॅरेजचं उघडलं. लोक हसले. हसणाऱ्यांच्याच गाड्या तिनं नीट केल्या. तिच्या हातची गाडी गळत नाही, असं ती स्वतःच सांगायची. कुणी विचारायच्या आधी.

तिनं इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरी घेऊन वाकली.

"बंद कर," उस्ताद म्हणाले.

"गरम असतानाच गळतं, उस्ताद."

"गळतं गरम असताना. दिसतं थंड असताना."

"थंड व्हायला दोन तास जातील."

"जाऊ दे."

"दुपार होईल!"

"होऊ दे की."

...

तिनं किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. सर्जेरावानं ती काढून खिशात टाकली आणि हसला.

"बाई, आता रडू नका हां."

"रडायला पाना धरला नाही मी."

उस्तादांनी बशी खाली ठेवली. चाचपडत गाडीपाशी आले. इंजिनाच्या अंगावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"रॉकेलनं पुसलंस?"

"पुसते की. प्रत्येक खेपेला. माझ्या हातची गाडी आरशासारखी जाते."

"पांढरे डाग होते?"

"होते. शिंतोड्यांसारखे."

"मग साक्षीदारच पुसलास तू. पाणी सुकतं तिथं डाग ठेवून जातं."

सर्जेराव खो खो हसला. वैजयंताचे कान लाल झाले. पण ती मागं सरली नाही.

"साक्षीदार गेला असेल. चोर आहे ना अजून? सांगा, कसा धरायचा?"

उस्तादांनी शेजारच्या माझ्या चहाच्या टपरीकडं हात केला.

"राख आण. चाळलेली."

चुलीतली राख मी वस्त्रगाळ करून दिली, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

रेडिएटर काठोकाठ भरला होता, झाकण घट्ट होतं. आतलं पाणी अजून तापलेलं, बाहेर यायला धडपडणारं. उस्तादांनी राख तळहातावर घेतली आणि पुढून फुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा फुंकली. पंखा, पट्टा, पंखा बसतो तो पाण्याचा पंप, सगळं राखाडी झालं. देवाला विभूती फासावी तसं.

"आता?"

"आता बस."

"नुसतं?"

"तेच शिकवायचं राहिलंय तुला."

ती बसली नाही. उभी राहिली. हाताची घडी घालून, सर्जेरावाकडं बघत. तो चहावर चहा पीत होता आणि दर चहाला सूर्याकडं बोट करत होता.

...

सावल्या पायात आल्या तेव्हा उस्ताद म्हणाले, "बघ."

सगळीकडं राख कोरडी होती. फक्त पंख्याच्या मागं, पंपाचा दांडा बाहेर येतो तिथं, एक काळी ओली कडी उठली होती. कुंकवाएवढी.

वैजयंता पुढं वाकली. "पंप! दांड्याच्या कडेनं येतंय. पंखा ते उडवतोय, गरम इंजिनावर पडून सुकतंय. खाली थेंब पडेलच कसा!"

"पंखा हलव."

तिनं पातं धरून हलवलं. खट खट वाजलं. दांडा सैल पडलेल्या दातासारखा हलत होता.

"बेअरिंग गेलं," ती म्हणाली. "पण का गेलं? दिवाळीत तर हा पंप..."

बोलता बोलता थांबली.

"पंपाच्या पोटाखाली बोट घाल," उस्ताद म्हणाले. "तिथं एक भोक असतं. ज्यानं पंप बनवला त्यानं मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील फाटलं की पाणी बेअरिंगकडं धावतं. वाटेत हे भोक असतं, पाणी इथनंच बाहेर टपकतं. बेअरिंग वाचतं, आणि माणसाला कळतं की आत काही फाटलंय. माझा उस्ताद त्याला रडकं भोक म्हणायचा. सापडलं?"

तिनं बोट घातलं.

बोट तिथंच राहिलं.

...

मला तिचा चेहरा दिसत होता. भोकाच्या जागी कडक गोळा होता. गळती बुजवायच्या एमसीलचा. दिवाळीत उस्ताद मिरजेला असताना तिथनं थेंब थेंब पाणी येत होतं, आणि तिनं एमसील मळून अंगठ्यानं दाबून बसवलं होतं. त्या गोळ्यावर तिच्याच अंगठ्याचा ठसा होता, तो मी नंतर पाहिला. त्या दिवशी टपरीवर येऊन मला म्हणाली होती, मावशी, पाच मिनिटांत गळती बंद केली.

सर्जेराव उठून आला. "काय सापडलं?"

उस्ताद तिच्याकडं वळले. त्यांना तो गोळा दिसत नव्हता. पण तिचं गप्प बसणं त्यांना ऐकू आलं असावं.

"पंपाचं बेअरिंग गेलंय," तेच बोलले. "जुनी गाडी आहे सर्जेराव. जातं."

"असं होय! मग हे आधी सांगायचं." सर्जेरावाचा आवाज खाली आला. "जुनी तर आहेच म्हणा. सापडलं म्हणायचं बाईला. पैज जिंकलीत बाई."

झालं होतं. पाना हातात राहिला होता. तिनं फक्त मान डोलवायची होती.

"जुनी म्हणून नाही गेलं," वैजयंता म्हणाली.

"आं?"

"मी घालवलं. या पंपाला खाली भोक असतं. पाणी तिथनं टपकत होतं. मला वाटलं दोष आहे. मी बुजवलं. पाणी आत कोंडलं आणि बेअरिंग खाऊन बाहेर पडलं. दिवाळीपासून तुमची गाडी तापतेय ती माझ्यामुळं."

सर्जेरावाच्या हातातला पेला तिरका झाला.

"म्हणजे घाटात... इंजिन जाम झालं असतं तर? मागं दहा टन चिरा होता माझ्या!"

"होता."

"आणि वर तोंड करून सांगतेस?"

"खाली करून सांगितलं तर कमी तापली असती का?"

"मी रस्ताभर सांगीन!"

"सांगा. पण नाव नीट सांगा. वैजयंता म्हणा. नुसतं बाई म्हणालात तर लोक भलत्याच बाईला धरतील. आणि हेही सांगा, भोक मी बुजवलं आणि आज उघडलंही मीच."

ती चिऱ्यांच्या धुळीत उताणी झाली, गाडीखाली सरकली. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं गोळा टोकरू लागली. एमसील सुटेना. तिच्या बोटाची साल निघाली. मग टक् करून तुकडा पडला आणि मागोमाग गंजानं तांबडं झालेलं पाणी आलं. तिच्या कपाळावर, गालावर. तिनं तोंड बाजूला केलं नाही.

उस्ताद खाली वाकले. तो आवाज ऐकत राहिले.

थेंब...

थेंब...

ती बाहेर आली. तोंड न पुसता उभी राहिली. एमसीलचा तुकडा तिनं ओढणीच्या टोकात बांधला.

"नवा पंप फळीवर आहे," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत बसवते. भोक उघडं राहील. पुन्हा कधी टपकलं तर बुजवू नका, माझ्याकडं या. चालवून बघायला किल्ली द्या."

तिनं हात पुढं केला. तांबडा, सोललेला.

सर्जेरावानं किल्ली उस्तादांपुढं धरली. उस्तादांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

...

किल्ली तशीच हवेत राहिली. शेवटी सर्जेरावानं ती वैजयंताच्या तळहातावर टाकली. पण सुखासुखी नाही.

"तीस वर्षं येतोय उस्ताद," तो म्हणाला. "तुमच्या गॅरेजातनं असली चूक कधी बाहेर आली नव्हती."

दस्तगीर उस्ताद खाटेकडं चालायला लागले होते. थांबले. मागं वळले नाहीत.

"चुका होत्या रे," ते म्हणाले. "बाहेर यायला भोक आज पडलं."